दोन्ही चिठ्ठ्यांवर ‘पैसा’

सर, तुम्ही लबाडी केलीत.

हे वाक्य लिहिताना मला इतका आनंद होतोय की पलीकडच्या टेबलावरचा आमचा डिस्पॅचवाला दोनदा मान वर करून बघून गेला. त्याला काय सांगू? ज्या माणसाने शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत स्वतःच्या लाडक्या विद्यार्थ्यालाही कधी पाव मिनिट जास्त दिलं नाही, ज्याने बँकेच्या रांगेत मॅनेजरच्या मेहुण्याला मागे पाठवलं, ज्याने माझ्यासारख्या बावन्न वर्षांच्या बाप्याला ‘बोरसे, वेळ संपली’ म्हणून ऐन रंगात आलेल्या वाक्याच्या मधोमध तोडलं, तो माणूस सहा महिने माझ्यासमोर खोट्या चिठ्ठ्यांचा डबा धरत होता. आणि चेहरा कसा? मूल्यशिक्षणाच्या तासाला असतो तसा!

परवा शनिवारी तुमचं बारावं झालं. जेवणं आटोपल्यावर काकूंनी मला आतल्या खोलीत हाक मारली. कपाटावरचं काहीतरी काढून हवं होतं, त्यांचा हात पोचत नव्हता. मी स्टुलावर चढलो आणि हाताला तो डबा लागला. पितळी पानाचा डबा, झाकणाला पोचा.

‘ह्यो तुमी घेवन जावा,’ काकू म्हणाल्या. ‘माका काय करूचो?’

मी स्टुलावर उभ्याउभ्याच झाकण उघडलं. आत नेहमीच्या दोन चिठ्ठ्या. एक उलगडली: पैसा. दुसरी उलगडली: पैसा.

सर, बाराव्याच्या घरात, स्टुलावर उभा राहून मी मोठ्याने हसलो. बाहेर बसलेल्या तुमच्या कणकवलीच्या पाहुण्यांनी माझ्याबद्दल काय मत केलं असेल ते मला माहीत आहे. तुम्ही त्यांच्यात बसला असतात तर तुम्हीही तेच मत केलं असतं, आणि पुढच्या रविवारी मला ते दोन मुद्द्यांत समजावून दिलं असतं.

यातला मुद्दा तुम्हाला केव्हाच कळलाय. पण हे तिसरंही कोणी वाचेल, म्हणून जरा मागे जातो. तुम्ही तोवर चहा बशीत ओता.

पंधरा वर्षांपूर्वीचा रविवार. सामरवरणीच्या रस्त्यावर रमणभाईचा चहा. मी अमळनेरहून येऊन सिल्वासात मुरलेला, नरोलीच्या एका सुताच्या कंपनीत खरेदी बघणारा माणूस. आमचं पॉलिस्टरचं सूत शेवटी कच्च्या तेलातूनच येतं. जगात कुठेही बॉम्ब पडला की चार दिवसांत आमच्या मालाचा भाव हलतो. सप्लायरचा फोन आला की त्याच्या नुसत्या ‘बोरसेभाई’ म्हणण्यावरून मला कळतं, आखातात काहीतरी पेटलंय. त्या दिवशी पेपरात लिबियावर पडलेल्या बॉम्बची बातमी होती. ती मी रमणभाईला वाचून दाखवली आणि शेवटी हात उंच करून जाहीर केलं, ‘तेल! बाकी सगळी भाषणं!’

पलीकडच्या बाकावरून आवाज आला, ‘पुरावा?’

मी वळलो. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, बशीत ओतलेला पण अजून तोंडाला न लावलेला चहा.

‘पुरावा कसला? लिबियात तेल आहे.’

‘तेल असलेल्या कितीतरी देशांवर आज बॉम्ब पडलेले नाहीत. त्यांचं काय?’

‘पडतील की! तुम्ही कशाला घाई करताय?’

रमणभाई हसला. तुम्ही हसला नाहीत. ‘विनोद चांगला आहे,’ तुम्ही म्हणालात, ‘पण ते उत्तर नाही. पुढच्या रविवारी तयारी करून या.’

आणि मी आलो! सुट्टीच्या दिवशी मिळालेला गृहपाठ टाळायचा असतो, एवढं शाळेत शिकलेलंही विसरलो.

तुम्ही नोकरीची पहिली वर्षं सुरंगीच्या शाळेत काढली होती. तिथे वादविवाद शिकवताना तुम्ही पोरांना दोन्ही बाजू तयार करायला लावायचात, आणि कोणी कुठली बाजू बोलायची ते ऐनवेळी पानाच्या डब्यातल्या चिठ्ठीवर ठरायचं. ‘आपल्याला पटतं तेच बोलायचं, तर त्यात शिकण्यासारखं काय?’ तोच डबा आता चहाच्या बाकावर आला. विषय कायमचा एक: एक देश दुसऱ्या देशात सैन्य घुसवतो, ते पैशासाठी का? दोन चिठ्ठ्या, ‘पैसा’ आणि ‘नाही’. चिठ्ठी धाकट्याने काढायची, म्हणजे मी. दुसरी उघडायची गरज नाही, ती आपोआप तुमची. प्रत्येकाला सात मिनिटं. निकाल रमणभाईचा, कारण त्याला आपलं दोघांचंही मराठी पुरतं कळत नसे, म्हणजे तो निःपक्षपाती. शिवाय तुमचा एक खास नियम: एखाद्या रविवारी कोणी आलं नाही, तर हजर असलेल्याने गैरहजर माणसाची मागच्या वेळची बाजू मांडायची. ‘समोर नसलेल्या माणसाला हरवणं हे सभ्यपणाचं नाही.’

जगाने आपल्याला विषयाची ददात कधी पडू दिली नाही. या पंधरा वर्षांत कुणी ना कुणी कुठे ना कुठे घुसतच होतं. एकदा मी ‘पैसा’च्या बाजूने आपल्या नगर हवेलीलाच उभं केलं. म्हटलं, ‘पोर्तुगीज फिरंग्यांनी इथे इतकी वर्षं काय केलं? साग तोडला. साग म्हणजे पैसा.’

‘कबूल,’ तुम्ही म्हणालात. ‘आणि चोपन्न साली त्यांना हाकलायला जे स्वयंसेवक आले, त्यांना काय मिळायचं होतं? साग न्यायला ट्रक घेऊन आले होते का ते?’

‘सर, ते आले म्हणून आपलं सरकार आलं. सरकार आलं म्हणून करसवलत आली. करसवलत आली म्हणून कंपन्या आल्या, आणि कंपन्या आल्या म्हणून मी आलो. एकूण हा सगळा इतिहास माझ्या पगारासाठी घडला!’

रमणभाई इतका हसला की चहा उतू गेला. तुम्ही तुमच्या छोट्या वहीत लिहिलंत, ‘कारण आणि परिणाम यांची गल्लत. शून्य गुण.’ निकाल मात्र माझ्या बाजूने लागला आणि तुम्ही तो निमूट मान्य केलात.

होता होता तुमचं स्वतःचं मत काय, हेच मला कळेनासं झालं. एका रविवारी तुम्ही इराकच्या तेलविहिरी अशा उभ्या करायचात की बाकाला डिझेलचा वास यावा. पुढच्या रविवारी त्याच तोंडाने विचारायचात, ‘अफगाणिस्तानात दोन महासत्ता जाऊन आल्या. काय घेऊन आल्या? दगड? भीती असते बोरसे, मान असतो. आता मागे फिरलो तर लोक काय म्हणतील, हे असतं. ते देशांनाही असतं.’ मी चिडून विचारायचो, ‘पण सर, तुम्हाला मनातून काय वाटतं?’ तुम्ही डब्याचं झाकण लावायचात. ‘ते चिठ्ठीत नाही.’

गेल्या दिवाळीच्या आधीचा रविवार आठवतो? मला ‘नाही’ आली होती. माझी तयारी नव्हती, आठवडाभर कंपनीत ऑडिट होतं. बोलता बोलता मला हुकमाचा एक्का सापडला असं वाटलं. म्हटलं, ‘लांब कशाला जायचं, आपणच बघा ना. आपलं सैन्य लंकेत गेलं. काय मिळालं? तेल मिळालं? सोन्याची लंका मिळाली? काही नाही. उलट आपलीच माणसं गेली. आता सांगा, हे पैशासाठी होतं?’ आणि नाटकात पडदा पडताना वाकतात तसा मी वाकलो.

तुम्ही खिशातलं एक पेन काढलंत, परत ठेवलंत. मला वाटलं, अडकले. मग तुम्ही खाली बघत, एकसुरात, पाढे म्हटल्यासारखं बोलायला लागलात. त्रिंकोमालीचं बंदर. आशियातल्या उत्तम नैसर्गिक बंदरांपैकी एक. ते दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ नये ही आपली जुनी काळजी. तिथल्या तेलाच्या टाक्या, इंग्रजांनी बांधलेल्या. करारासोबत दोन्ही देशांनी एकमेकांना दिलेल्या पत्रांत बंदराचाही उल्लेख आहे, टाक्यांचाही. ‘पत्रं छापून आलेली आहेत,’ तुम्ही म्हणालात. ‘कोणालाही वाचता येतात.’ सात मिनिटांतली चारच वापरलीत. रमणभाईने टाळी वाजवली. त्याला टाक्या तेवढ्या कळल्या होत्या. तुम्ही जिंकलात. आणि बशीतला चहा तसाच ठेवून निघालात.

मला वाटलं, ॲसिडिटी.

त्यानंतर दर रविवारी मी चिठ्ठी काढायचो आणि ‘पैसा’ निघायची. पुन्हा ‘पैसा’. पुन्हा ‘पैसा’. सर, मी खरेदीतला माणूस आहे. सुताच्या खोक्यात पाव किलो माल कमी असला तर मला नुसत्या हातावर कळतं. आमच्या मालकाच्या सख्ख्या साडूची चोरी मी पकडलेली आहे. त्या मला पंचवीसेक रविवार ओळीने एकच चिठ्ठी येते आणि मी काय म्हणतो? ‘नशीब, सर, नशीब! देवालाच माझं पटलंय!’ तुम्ही म्हणायचात, ‘देवाला मध्ये आणू नका. वेळ सुरू.’

आणि मी काय केलं? तुमचंच हत्यार उचललं. लंकेचा मुद्दा इतका सुरेख होता की दर दोन-तीन रविवारी मी तो पाजळायचो. शेवटच्या खेपेला तर मी सगळा रंगमंचच मांडला होता. बशी म्हणजे बंदर. रमणभाईच्या बिस्किटांच्या बरण्या म्हणजे तेलाच्या टाक्या. खारी म्हणजे आपल्या बोटी. एकेक खारी मी बशीतल्या चहात ढकलत होतो आणि ती मऊ होऊन बुडत होती, आणि मी म्हणत होतो, ‘गेली! ही पण गेली! कशासाठी? टाक्यांसाठी!’ बाकावरची कंपनीतली चार पोरं पोट धरून हसत होती.

‘बोरसे,’ तुम्ही म्हणालात, ‘बरण्या जागेवर ठेवा.’

मग तुमची सात मिनिटं सुरू झाली. तुम्ही बोललात थोडं. भीतीबद्दल, शेजाऱ्यांबद्दल, शांतता करायला म्हणून गेलेल्यांनाच लढावं कसं लागतं याबद्दल. मध्येच थांबलात. रमणभाई निकाल द्यायला पुढे झाला, तर तुम्ही हात आडवा केलात. ‘आज निकाल नको. माझं अजून संपलेलं नाही.’

दुसऱ्याच दिवशी तुम्हाला दवाखान्यात नेलं आणि मंगळवारी सकाळी सगळं आटोपलं. मी रडलो नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण नाटकीपणा तुम्हाला आवडत नसे आणि मला तो फार येतो. स्मशानात रमणभाई माझ्या शेजारी उभा होता. धोतराचा सोगा तोंडाला लावून त्याने हळूच विचारलं, ‘बोरसेभाई, छेल्ले कोण जीत्युं?’ शेवटी जिंकलं कोण?

तर, परवाचं स्टूल. हसून झालं आणि मी मान वर केली, तर माझ्या बरोबर डोळ्यांसमोर भिंतीवर एक फोटो. लष्करी गणवेश, पंचवीस-सव्वीसचं वय, तुमचं नाक. पंधरा वर्षांत मी तुमच्या बाहेरच्या खोलीत शंभर वेळा बसलो असेन, आतल्या खोलीत कधी आलो नव्हतो.

‘हे कोण, काकू?’

‘तेंचो धाकटो भाव. मोहन. लंकेक गेल्लो, शांतिसेनेत. परत इलो नाय.’

मी स्टुलावरून उतरलो.

‘सर कधी बोलले नाहीत.’

‘कोणाकडेच बोलाक नाय.’ काकू पदराने डबा पुसत होत्या. ‘तेचा पत्र इल्ला सुरंगीक. दादा, तू इतिहास शिकवतस, आमी हय कित्याक इलव ता माका नीट लिवन धाड. झाला! हे बसले पुस्तकां घेवन. मी म्हटलंय, बरो आसस मां, इतक्यांच लिवा नि टाका. तर म्हणतत, तेणा इचारल्यान हा, चुकीचा कसा लिवू?’

‘मग?’

‘मगे तार इली.’ डबा माझ्या हातात ठेवून त्या म्हणाल्या, ‘तेका उत्तर नको होता, बोरसे. पत्र होया होता.’

सर, मला तुमचा राग आलाय, तो आधी नोंदवून घ्या. तुम्ही एका वाक्यात सांगू शकला असतात. ‘बोरसे, माझा भाऊ तिथे गेला.’ सात मिनिटं नको, सात सेकंद. मी बरण्या मांडल्या नसत्या. खारी बुडवली नसती. त्या खारीचं आता मी काय करू? रमणभाईकडे ती अजून बरणीत आहे, आणि मला तिच्याकडे बघवत नाही.

पण काल दिवसभर विचार केल्यावर तुमची चाल माझ्या लक्षात आली. सांगितलं असतंत तर मी मऊ झालो असतो. दर रविवारी मी मुद्दाम हरलो असतो, आणि दया म्हणून मिळालेला निकाल तुम्ही कुठल्या तोंडाने घरी नेला असता? तुम्हाला समोर पूर्ण ताकदीचा, निर्दय, खारी बुडवणारा माणूस हवा होता. त्याला हरवलं असतं तरच ते उत्तर खरं. त्या दिवाळीच्या रविवारी नियमाने तुम्हाला नको ती बाजू दिली आणि तुम्ही ती प्रामाणिकपणे मांडलीत, कारण वाईट मांडणं तुम्हाला येतच नसे. मोहन एका बंदरासाठी गेला, हे तुम्ही स्वतःच्या तोंडाने, चार मिनिटांत, सिद्ध केलंत. आणि रमणभाईने टाळी वाजवली.

त्यानंतर ती चिठ्ठी पुन्हा तुमच्या वाट्याला येऊन चालणार नव्हती. म्हणून तुम्ही आयुष्यातली एकुलती एक लबाडी केलीत. तीही किती नेटकी! ‘पैसा’ हा शब्द दोन्हीकडे सारख्याच अक्षरात, ‘पै’वरच्या दोन मात्रांचं वळणसुद्धा एकसारखं.

या लबाडीबद्दल मी तुमचा आभारी आहे. हे म्हणायला नको, पण आहे. पंधरा वर्षं मला वाटत होतं की मी एका चालत्याबोलत्या पाठ्यपुस्तकाशी भांडतोय. डबा उघडला आणि आत माणूस निघाला.

काल रविवार होता. मी नेहमीच्या वेळी गेलो. रमणभाईने माझ्याकडे बघितलं, मी डबा बाकावर ठेवला.

‘मास्तरसाहेब तो नथी,’ तो म्हणाला.

‘गैरहजर,’ मी म्हटलं. ‘नियम लागू.’

तुमची मागची बाजू ‘नाही’. म्हणजे ती मी मांडायची. मी उभा राहिलो. हात उंच केले नाहीत, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. घड्याळ रमणभाईच्या हातात दिलं.

म्हटलं, ‘रमणभाई, आमच्या कंपनीत चौथं मशीन आहे. तीन वर्षं तोट्यात चाललंय. मी दर दिवाळीला मालकाला सांगतो, बंद करा. तो खिडकीतून समोर बघतो. समोरच्या कंपनीत चार मशिनं आहेत. संपलं. आता तो ते बंद करत नाही, ते पैशासाठी? देशही असेच असतात. नफ्याचा विचार करणारा कोणी डोंगराळ मुलखात वीस वीस वर्षं काढत नाही. तो पहिल्या सहा महिन्यांत कुलूप लावतो.’

रमणभाईने मान डोलावली. मशीनची गोष्ट त्याला कळली होती.

‘आता लंका. बंदर होतं. टाक्या होत्या. मीच तुला दाखवल्या, या बरण्या. कागदावर सगळं होतं. पण सिंधुदुर्गातल्या एका गावातून एक पोरगा तिथे गेला, तो कागद वाचून गेला नव्हता. त्याला सांगितलं होतं, भांडण थांबवायला चाललोय. त्याला ते खरं वाटलं. तिथे पोचल्यावर जरा शंका आली, तर त्याने भावाला पत्र लिहून विचारलं, आम्ही इथे कशाला आलो. पैशासाठी गेलेला माणूस असं विचारत नाही. त्याला आधीच माहीत असतं. हा विचारत होता, कारण तो दुसऱ्याच कशासाठी तरी गेला होता.’

एवढं बोलून मी थांबलो. अडीच मिनिटं उरली होती, ती तशीच सोडून मी खाली बसलो. हा दोष माझा, बाजूचा नव्हे.

रमणभाईने घड्याळ परत दिलं. गल्ल्याला टेकून जरा वेळ रस्त्याकडे बघितलं, आणि निकाल दिला, ‘आजे मास्तर जीत्या.’

जिंकलात, सर. अभिनंदन.

आता हळू आवाजात एक गोष्ट. माझ्या भाषणाला भोक होतं. प्रश्न पाठवणाऱ्यांचा होता आणि मी उत्तर दिलं जाणाऱ्याचं. मोहन कशासाठी गेला याने त्याला कशासाठी पाठवलं हे सिद्ध होत नाही. तुम्ही वहीत लिहिलं असतंत, ‘मुद्दा सोडून. शून्य गुण.’ बोलतानाच मला ते दिसत होतं. रमणभाईला दिसलं नाही, आणि मी दाखवलं नाही.

म्हणजे एक लबाडी तुमची, एक माझी. फिट्टंफाट. डबा माझ्याकडे आहे, चिठ्ठ्या आहेत तशाच ठेवल्या आहेत.